न धरलेले दिवस

११ फेब्रुवारी

एकशे अठ्ठ्याहत्तर. अजून दोन!

वही मास्तरांनी दिली. मास्तर म्हणजे शेजारच्या खाटेवरचे. त्यांच्या देशात शाळेत भूगोल शिकवायचे. म्हणाले, "तारीख टाकून लिही. नाहीतर इथं सोमवार कुठला नि गुरुवार कुठला, काही कळत नाही." मी फरशी बसवणारा माणूस. आजवर लिहिलं ते भिंतीवर, पेन्सिलीनं, मापं. पण ठीक आहे, हात रिकामेच आहेत.

नियमही त्यांनीच सांगितला. राहायचा परवाना नसलेल्याला परत पाठवण्यासाठी धरून ठेवता येतं, पण एकशे ऐंशी दिवस. तेवढ्यात पाठवता आलं नाही तर सोडावं लागतं. मग आठवड्याला हजेरी लावायची आणि घरी राहायचं. मी विचारलं, मग तुम्ही तीन वर्षं इथं कसे? म्हणाले, "नियम आहे, पण तो मागावा लागतो. मला दोन वर्षं कुणी सांगितलंच नाही." आता त्यांचा अर्ज न्यायालयात आहे.

मी मागणार. परवाच.

१२ फेब्रुवारी

फाइलवाले साहेब पुन्हा तो कागद घेऊन आले. सातवी खेप. माझ्या देशाच्या वकिलातीला अर्ज आहे – मी तुमचा नागरिक, मला परत यायचं आहे, प्रवासाचा कागद द्यावा. खाली सहीची रेघ.

परत यायचं आहे म्हणे! बायको इथं, सात वर्षांची पोर इथं. मी कशाला असलं लिहून देऊ? या देशात कामाला आल्या आल्या मुकादमानं अशीच एक सही घेतली होती, "नुसती रीत आहे" म्हणून. पासपोर्ट त्याच्या कपाटात गेला. पुढं मुकादमच गेला, कपाटासकट. मी राहिलो बिनकागदाचा. दुधानं एकदा तोंड पोळलंय, आता ताकही फुंकणार. नाही म्हणालो. साहेब चिडलेसुद्धा नाहीत. काहीतरी टिपून घेतलं आणि गेले.

१३ फेब्रुवारी

एकशे ऐंशी. दाढी केली, धुतलेला शर्ट घातला. संध्याकाळपर्यंत दाराकडे बघत बसलो. कुणी आलं नाही.

१४ फेब्रुवारी

मीच खिडकीवर गेलो. म्हणालो, काल माझे दिवस भरले. साहेबांनी फाइल उघडली, रकान्यावरून बोट फिरवलं.

"तुमचा आकडा शून्य आहे."

वाटलं, दुसऱ्याची फाइल असेल. वाकून बघितलं. फोटो माझाच, सुजलेल्या डोळ्यांचा.

"तुम्ही सहकार्य करत नाही. सही नाकारलेले दिवस धरत नाहीत."

मग इतके दिवस त्या खाटेवर झोपत होतं कोण? सकाळी सहाला माणसं मोजतात तेव्हा मला धरतात की नाही? विचारायचं सुचलं ते परत आल्यावर. माझं नेहमीचंच आहे, भांडण संपलं की उत्तर आठवतं.

मास्तरांना सांगितलं. सहीचं त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांच्या देशाचे दोन देश झाले आणि दोघंही म्हणतात हा आमचा नव्हे. त्यांना कागद पाठवायला पत्ताच नाही.

१५ फेब्रुवारी

चोराला तारीख मिळते. मला का नाही? साहेब म्हणतात, हा तुरुंग नाही, तुम्ही कैदी नाही, निवासी आहात. मग निवासी जरा बाहेर फिरून येतो म्हणालो. हसले.

१७ फेब्रुवारी

न्हाणीघराचा उतार उलटा आहे. पाणी जाळीकडे जायचं सोडून खाटांकडे येतं. कुणा गाढवानं लेव्हल न लावता फरशी बसवली आहे. रोज तीन माणसं पाणी ढकलत बसतात. म्हटलं, चार दिवस द्या, नीट करून देतो. तर म्हणे, निवाशांच्या हाती हत्यार देता येत नाही. ढकला मग!

१९ फेब्रुवारी

वकीलबाई आल्या. दर गुरुवारी येतात, फी घेत नाहीत. आज माझा नंबर लागला. केसांत पेन खोचलेलं, आणि तेच पेन टेबलावर शोधत होत्या.

त्या म्हणाल्या ते जसंच्या तसं लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा वाचता येईल. तुमचा देश तुम्हाला घेत नसेल तर हे तुम्हाला कायमचं कोंडून ठेवू शकत नाहीत. तो तुमचा हक्क आहे, मेहेरबानी नाही. पण देश घेत नाही हे ठरणार कधी? तुम्ही मागितल्यावर. तुम्ही मागितलंच नाही. म्हणून सही करा. सहीपासून नव्वद दिवस वकिलातीचं उत्तर आलं नाही, की मी न्यायालयात उभी राहते.

मी म्हणालो, बाई, थांबा. मला इथं राहायचंय.

"हो."

म्हणून तिथं जायचंय असं लिहून द्यायचं?

"हो."

आणि त्यांनी मला ओळखलं नाही की मी सुटलो?

"हो. ओळखलं तर मात्र पाठवतील. ते मला अडवता येणार नाही." मग म्हणाल्या, त्या वकिलातीनं इथल्या एकाही अर्जाला चार वर्षांत उत्तर दिलेलं नाही.

तीन वेळा समजावून घेतलं. तिथं बसलो होतो तोवर कळत होतं. खाटेवर आलो आणि सगळं पुन्हा उलटं झालं.

२१ फेब्रुवारी

ही आली होती, पोरीला घेऊन. मध्ये काच. लॉन्ड्रीतल्या वाफेनं हिचे हात लाल झालेले असतात, ते आज ओढणीखाली धरले होते. सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सही करू नका, करू नका, असं दर खेपेला मीच सांगत होते ना हो?" मी म्हणालो, मला कुठं करायची होती? सहा महिने आम्ही दोघांनी मिळून मला इथं ठेवलं. साहेबांना काही करावंच लागलं नाही.

पोरीनं दात पडलेला दाखवला. मला वाटलं एक, तर दोन निघाले.

जाताना ही म्हणाली, "करून टाका सही. पुढचं पुढं बघू."

२४ फेब्रुवारी

केली. साहेब म्हणाले, "शाब्बास, उद्यापासून एक." नव्वदावा दिवस २५ मे.

१ मार्च

आता मी रोज काय मागायचं? माझ्या देशानं मला विसरावं म्हणून हात जोडायचे? जिथं जन्मलो, जिथं शाळेत मार खाल्ला, जिथं आई आहे. त्यांनी म्हणावं, कोण हा? माहीत नाही. आणि मी आनंदानं उडी मारायची. खरंच तसं झालं तर मला आवडेल की वाईट वाटेल, तेही सांगता येत नाही. मास्तर म्हणाले, "दोन्ही होतं. सवय होते."

१५ मार्च

दादाला फोन लावला. तिकडचं सगळं दादाच बघतो. वडील गेले तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. मला त्यानंच वाढवलं. सात महिने त्याला खोटंच सांगत होतो, लांबच्या कामावर आहे म्हणून. आज खरं सांगितलं. तो म्हणाला, "आईला सांगत नाही. अडलंय कुठं?"

मी म्हणालो, तिकडच्या कागदावर अडलंय. मी तिथलाच असल्याचा कागद यायचाय.

पुढचं सांगायला तोंड उघडलं होतं. पण तो कागद येऊ नये असं वाटतं, हे कसं सांगू? ज्यानं बोट धरून शाळेत नेलं, शाळेच्या दाखल्यावर आपल्या हातानं माझं नाव लिहिलं, त्याला सांगू की मी तुमचा नाही असं ठरू दे? म्हणालो, होईल काहीतरी, तू जीवाला लावून घेऊ नकोस. तेवढ्यात कार्डावरची मिनिटं संपली.

४ एप्रिल

एकोणचाळीस. उत्तर नाही. बरं आहे. बरंच आहे ना?

२२ एप्रिल

मास्तर सुटले! न्यायाधीशबाईंनी विचारलं म्हणे, यांना पाठवणार कुठं? सरकारी वकील कागद चाळत राहिले. बाई म्हणाल्या, मग यांना ठेवलंय कशासाठी? आजच सोडा. तीन वर्षं, आणि निकाल दहा मिनिटांत. मास्तर बूट घालताना गडबडले, नाडी कशी बांधायची तेच विसरले होते. इथं नाड्या काढून घेतात. मी बांधून दिल्या.

म्हणजे नियम खरा आहे. कागदावरच नाही, खरोखर माणूस त्या दारातून बाहेर जातो. मी बघितलं.

९ मे

वकीलबाईंनी माझा अर्ज लिहून तयार ठेवलाय. सुटल्यावर राहणार त्या घराचा पत्ता तपासायला साहेबांची दोन माणसं येऊन गेली. हिनं पोरीला शिकवून ठेवलं होतं, नीट बोल म्हणून. तिनं त्यांना सांगितलं, बाबा या बाजूला झोपतात, तिथं बसू नका.

१७ मे

ब्याऐंशी. जेवण जात नाही. उत्तर नाही. आठवडा राहिला फक्त. हिनं सोमवारची सुट्टी मागून घेतली आहे.

२० मे

वकिलातीचं पत्र आलं. मी त्यांचाच आहे. शुक्रवारचं विमान.

हे झालं कसं म्हणून दादाला फोन केला. माझा आवाज ऐकताच म्हणाला, "पोचला ना कागद? दोन महिने रोज त्या कचेरीत जाऊन बसलो रे. दाखला दिला, आईचं शपथपत्र दिलं, लहानपणचे फोटो दिले. शेवटी साहेबच कंटाळला, म्हणाला, घ्या बाबा, तुमचा भाऊ. आता सोडतील ना तुला पोरीकडे?"

मी हो म्हणालो.