सही राहून गेलेलं पाकीट

प्रिय जाकेन,

पाकिटावर टपालाचा शिक्का शोधत बसू नकोस, नाहीये. चौतीस वर्षं या दरीत टपाल वाटलंय मी. बुधवारी दुपारी पेटीत टाकलेलं पत्र खाली जिल्ह्याच्या ठिकाणी, कूरला जाऊन परत तुझ्या दारात यायला शुक्रवार उजाडतो, आणि मतमोजणीविरुद्धच्या तुझ्या तक्रारीची मुदत उद्या दुपारी बाराला तिथंच संपते. म्हणून स्वतःच येऊन टाकते आहे. दार वाजवणार नाही. समोर उभं राहून बोलायचा धीर असता तर एवढे कागद काळे केले असते का?

सोमवारी सेपच्या खाणावळीत तुझी जी शोभा झाली ती मी कोपऱ्यात जवाचं सूप पीत बघत होते. तू टेबलावर मूठ आपटून म्हणालास, "कळपावर आलेला लांडगा मारू द्या एवढंच मागणारा कायदा, तो रविवारी अख्ख्या देशाच्या मतदानात तीन हजार नऊशे सहा मतांनी पडतो आणि कुणी पुन्हा मोजायलाही तयार नाही, हा कुठला न्याय?" त्यावर खिडकीपाशी बसलेला कुणीतरी ओरडला, "जाकेन, हरलास तर हरलास! पुरावा असेल तर दाखव, नाहीतर बीअर पी गुपचूप." आणि सेप म्हणाला, "पुरावा लांडग्यानं खाल्ला असेल!" काय खिदळले रे सगळे. त्यातले निम्मे तुझ्याच बाजूनं मत दिलेले. तू टोपीही न घेता निघून गेलास. टोपी माझ्याकडे आहे, खुंटीवर. लोकरीचा वास येतो तिला, घरात शिरलं की तूच आला आहेस असं वाटतं.

मी हसले नाही. सूप अर्धं टाकून तुझी टोपी उचलली आणि घरी आले.

तुला माझी खोड माहीत आहे. बंद पाकीट दिसलं की आत काय असेल याची मला लहानपणापासून उत्सुकता. आई म्हणायची, ही पोरगी टपालात गेली तर कुणाची खैर नाही. उघडलं मात्र एकही नाही रे, आईची शपथ. सोमवारी घरी आल्यावर तीच खोड जागी झाली. मनात आलं, जाकेन म्हणतो त्यात खरंच काही असेल का? लबाडी नसेल, पण गफलत? मग मी खाली सपाटीवरच्या शहरात मतमोजणीला बसणाऱ्या मार्ग्रिटला फोन लावला. टपालातली जुनी मैत्रीण, आता गुडघ्यांनी हैराण झाली आहे, तिची खुशाली तू कधी विचारत नाहीस. तिला विचारलं, तुमच्याकडे टपालानं मत देणाऱ्याची बाहेरच्या पाकिटातल्या मतदारपत्रावर सही करायची राहिली तर काय करता? ती म्हणाली, "काय करणार? बाद. आतलं मताचं पाकीट न उघडता कपाटात. या वेळी दोनशे बारा निघाली." मी म्हटलं, आणि फोन नाही करत? तर ही बाई पोट धरून हसायला लागली. "दोनशे बारा जणांना? आमच्याकडे कोण कुणाला ओळखतं, बार्ला?"

फोन ठेवला आणि पेन्सिल घेऊन बसले. देशात दोन हजारांवर गावं. कुठं दोन पाकिटं बाद, कुठं दोनशे. काही गावं माणसं बोलावून सह्या करून घेतात, काही तशीच कपाटात टाकतात. आणि फरक किती, तर तीन हजार नऊशे सहा. कशीही बेरीज केली तरी बाद पाकिटं त्याहून जास्त भरत होती. मला आधी मजा वाटली, कोडं सुटल्यासारखी. मग लक्षात आलं, त्या कोड्यातला एक तुकडा माझ्याच हातचा होता.

आपल्याकडची पद्धत तुला कशी माहीत असणार, तू कधी सही विसरला नव्हतास. मतदानाच्या आधीच्या शुक्रवारी कॉर्सिन ग्रामसेवक बाहेरची पाकिटं उघडतो आणि मतदारपत्रं तपासतो. मोजणीच्या मदतीला मी असते, ज्यांची सही राहिली असेल त्यांना मी फोन करते. हे काम माझ्याकडे का, तर गावातल्या सगळ्यांचे नंबर मला पाठ. असं करावं असं कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही, करू नये असंही नाही. म्हातारी ओन्ना दर खेपेला विसरते. फोन केला की सपाता घालूनच धावत येते आणि पिठाच्या हातानं सही करते. या खेपेला तर मला म्हणाली, "बार्ला, तू मेलीस की माझं मत कुणाला जाणार गं?" तिच्या सहीवर अजून पीठ आहे.

गेल्या शुक्रवारी अशी नऊ निघाली. आठ जणांना मी फोन केले, आठही येऊन सह्या करून गेले. नववं मतदारपत्र तुझं होतं.

मेंढ्या कुरणावरून खाली आणायच्या गडबडीत तू ते भरलं असणार. सहीच्या जागी तुझ्या अंगठ्याचा तेलकट ठसा तेवढा होता. मी फोन उचलला, तीन आकडे फिरवले आणि खाली ठेवला. कॉर्सिननं विचारलं, लागला का? मी म्हटलं, कुणी उचलत नाही. तो तुझ्याकडे माणूस पाठवतो म्हणाला, तर मी वर म्हटलं, राहू दे, तो कुरणावर गेलाय. सरळ खोटं. तू घराच्या मागेच कुंपण ठोकत होतास, खिडकी उघडी होती, हातोड्याचा आवाज मला ऐकू येत होता. रविवारी गावात कायद्याच्या बाजूनं एकशे त्रेचाळीस मतं पडली आणि विरोधात अठ्ठावन्न. त्या एकशे त्रेचाळीसात तू नाहीस.

का केलं, ते तीन दिवस स्वतःला विचारते आहे. तू गेल्या आठवड्यात चारचौघांत म्हणालास, "आमच्या बार्लाला मेंढी म्हणजे काय, विणायची लोकर!" ते लागलं होतं मला, लागलंच होतं. पण तेवढंच नाही. मी विरोधात मत दिलं, जाकेन. अठ्ठावन्नातलं एक माझं. जूनमध्ये लांडग्यानं तुझ्या सतरा मेंढ्या मारल्या तेव्हा मी वर कुरणावर आले होते, घंटेवाली म्हातारी मेंढी मांडीवर घेऊन तू बसला होतास, वडील गेल्यावर पहिल्यांदा तुला रडताना पाहिलं. घरी येऊन मीही रडले. आणि तरी माझा हात विरोधाकडेच गेला. असं का होतं माणसाचं, मला खरंच कळत नाही. मग शुक्रवारी तुझं मतदारपत्र हातात आलं आणि वाटलं, एक मत कमी. एवढंच. इतकं क्षुद्र.

काल टोपी झटकताना एकदम वडिलांचा फास आठवला. कोंबड्यांसाठी येणाऱ्या कोल्ह्याला लावलेला. सकाळी फास उघडा आणि बर्फात रक्ताचे चार थेंब. वडिलांनी विचारलं, कुणी उघडला? मी दाराआड लपले होते, आणि तू सात वर्षांचा, पुढं होऊन म्हणालास, मी. पट्ट्याचे वळ आठवडाभर होते तुझ्या पाठीवर. तो फास मी उघडला हे तुला माहीत होतं, माझ्या हातमोज्यावरचं रक्त तूच धुतलं होतंस. साठ वर्षांत एकदाही बोलून दाखवलं नाहीस. भांडलो तेव्हाही नाही.

आणि आता माझी खोड बघ. तुझं ते आतलं पाकीट रविवारी माझ्या हातात होतं. वाकडं चिकटवलेलं. कॉर्सिन कॉफी आणायला गेला आणि मी ते खिडकीच्या उजेडात धरलं. काही दिसलं नाही, कागद जाड आहे. पण धरलं, हेही सांगून टाकते. दुसऱ्या कुणाचं असतं तर आत कायद्याच्या बाजूनं आहे असं डोळे मिटून म्हटलं असतं. तुझं आहे म्हणून खात्री नाही. कोल्ह्यासाठी मार खाल्लेला माणूस सतरा मेंढ्या गमावल्यावर एकटा बसून काय लिहील? मी सगळं ठरवून टाकलं होतं रे तुझ्याबद्दल, पाकीट न उघडता.

तर ऐक. तुला पुरावा हवा होता, तो हा. वाल्देरा गावात नऊ मतदारपत्रांवर सही नव्हती, आठ जणांना बोलावून ती करून घेतली आणि नवव्याला, म्हणजे जाकेन काथोमास याला, मी मुद्दाम बोलावलं नाही आणि ग्रामसेवकाशी खोटं बोलले. तुझं मतदारपत्र आणि बंद पाकीट कार्यालयाच्या हिरव्या कपाटात वरच्या फळीवर आहे. हे पान तक्रारीला जोड. मला मोजणीवरून काढतील, ते योग्यच होईल. कॉर्सिनला बोलणी बसतील, ओन्नाच्या मतावरही बोट दाखवतील, त्याचं मला वाईट वाटतं. तुझ्या एका मतानं निकाल फिरणार नाही, पण तुला कुणी वेडा म्हणणार नाही. उद्या सकाळी नऊच्या बसनं कूरला जा, टपालावर विसंबू नकोस, मी सांगते आहे. टोपी तुझ्या टपालपेटीवर ठेवून जाईन. या खेपेला फास कुणी उघडला ते मीच सांगते, तू पुढं होऊ नकोस. आणि सहीशिवाय तिथं कागद घेत नाहीत, म्हणून खाली सही केली आहे. दोनदा बघितली.

तुझीच थोरली,
बार्ला काथोमास