तीच ओळ पुन्हा

रविवार, ऑगस्ट. संध्याकाळ.

आज विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन माझ्याकडे होतं. हल्ली लांब वाक्याच्या शेवटी पोचले की सुरुवातच डोक्यातून निसटते. मग डोळे आपोआप मागं जातात. पेपर वाचतानाही तेच. आज एक ओळ मी दोनदा वाचली. लोकांनी हात जोडून 'साधू, साधू' म्हटलं. त्यांना वाटलं, मुद्दाम. कशाचं मुद्दाम? मी तर वाक्याचं डोकं शोधत होते.

स्कूटरवर सुनेला विचारलं, "मी ती ओळ दोनदा वाचली, ते कोणाच्या ध्यानात आलं काय वं?"

ती हसली. "दोनदा कुठं, आई? त्रिसरण म्हणतो तसं तीनदा वाचलं नं तुम्ही! साऱ्यायले लय आवडलं."

तीनदा? मला दोनदाच आठवतं.

पुढच्या रविवारचं वाचनही मलाच दिलंय.