पेवावरची खोली

टेंभुर्णी,
ता. ५-२-१९७५

चि. वसंता यास अनेक आशीर्वाद, सौ. सत्यशीलाला जयभीम. वि. वि.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले आणि उत्तर आज लिहितो, राग मानू नको. विहिरीच्या पायऱ्यांवर घसरलो. गुडघ्याखाली प्लास्टर आहे. चौथीपर्यंत शिकलेल्याचं अक्षर, त्यात पाठीवर निजून लिहिलेलं, तुला लागलं नसतं.

मंठ्याच्या दोन खोल्या सोडून तुम्ही धान्याच्या जुन्या दुकानातली एकच खोली घेतली, भाडं तिसऱ्या हिश्शावर आलं, वाचलेले पैसे बेबीनंदाच्या नर्सिंगच्या शिक्षणाला जातील. बहिणीसाठी एवढं केलंस, बराबर केलंस. संसार एका खोलीत होतो. पण खोलीच्या मधोमध शिळेखाली धान्य साठवायचं जुनं पेव आहे आणि ते साफ करून तू पेट्या, पुस्तकं, ज्वारी खाली ठेवणार, हे वाचल्यापासून जेवण जात नाही. शेजारचा राधाकिसन म्हणतो, काका, वर जागा न्हाई तर माणूस खाली करीलच, तुम्ही उगंच भिऊन राह्यले. भीत असेन.

उतरायचंच असेल तर शिळा काढून चार दिवस तोंड उघडं ठेव. मग दोरीला कंदील बांधून तळापर्यंत सोड. तुझा तातेराव काका पेवातच गेला, तुला ठाऊक आहे. त्यावर जास्त लिहवत नाही.

तुझा,
कडूबा

मंठा,
ता. १२-२-१९७५

ती. बाबांना सविनय जयभीम. वि. वि.

पाय जपा. विहिरीवर कशाला गेला होतात, असं मी विचारलं तर तुम्ही पुढचं पत्रच लिहायचा नाहीत, म्हणून विचारत नाही.

सत्यशीला सांगते की मामांना कळवा, घर फार सोयीचं आहे. चुलीपाशी बसून हात लांब केला की खाटेवरचं पांघरूण घडी करता येतं, आणि झाडायला उठावं लागत नाही. आम्ही मजेत आहोत.

तुम्ही सांगितलं तसं केलं आहे. कंदील गळका आहे, म्हणून शाळेतली बॅटरी दोरीला बांधून सोडली. पेव दोन पुरुष खोल आहे. तळापर्यंत लख्ख उजेड पडला, शेवटपर्यंत बॅटरी मंदसुद्धा झाली नाही. काकाला साप चावला होता, म्हणून कोपरा न् कोपरा पाहिला. साप नाही, विंचू नाही. तोंड मात्र चार दिवस उघडं ठेवता येत नाही, शिळा काढली की घरात पाय ठेवायला जागा उरत नाही. लगेच झाकून टाकली.

शेजारच्या सर्जेरावला येत्या रविवारी सुटी आहे. तो शिळा सरकवील आणि वर दोरी धरून बसेल, मी उतरून सारवून घेईन. काळजी सोडा, लोभ ठेवा.

आपला,
वसंता

टेंभुर्णी,
ता. १७-२-१९७५, सोमवार

चि. वसंता यास आशीर्वाद.

तुझं पत्र आज सकाळी मिळालं. तू लिहिलेला रविवार काल गेला. तरी लिहितो. सर्जेरावला काम लागलं असेल, शिळा हलली नसेल, तुला ताप आला असेल. तसं असेल तर उतरू नको.

कंदील उजेडासाठी नव्हता. कोंडलेल्या पेवात हवा मरते. ती दिसत नाही, तिला वास नाही. कंदील विझला की समजायचं, खाली माणसाला श्वास मिळणार नाही. बॅटरीला हवा लागत नाही, ती तिथेही जळते.

हे मी पहिल्याच पत्रात लिहायला पाहिजे होतं. पण मग सगळंच लिहावं लागलं असतं. तातेरावला साप चावला नव्हता. आम्ही दोघं भाऊ एका व्यापाऱ्याचं पेव उपसायला मजुरीनं गेल्तो. तो म्हणाला, दादा, कंदील घेऊन येतो. मी म्हणालो, तेवढ्यात दोन पोती निघतील, उतर. तो खाली गेला, दमल्यासारखा बसला आणि उठला नाही. आईला मी साप सांगितला. पुढं तुम्हा पोरांनाही तेच सांगत आलो. आज एकतीस वर्षं झाली.

राधाकिसनला हे वाचून दाखवलं. तो चपला घालायला उठला. तार करायला जाफराबादला जावं लागतं, तेवढा वेळ नाही. तो जालन्याच्या गाडीनं पुढं मंठ्याला येतो आणि ही चिठ्ठी स्वतः देतो. खाली काही पडलं असलं तरी काढायला कोणी उतरू नये, सर्जेरावनंही नाही. ती खोली सोडा. बेबीनंदाचं मी पाहीन, हे घर विकीन.

माझ्यावर रागावला असशील तर रागाचं लिही. राधाकिसनच्या हाती जल्दी खबर पाठव. दोनच ओळी पुरेत, पण तुझ्या हातच्या असू देत. सूनबाईचं अक्षर चांगलं आहे, तरी पाकिटावर ते दिसलं तर माझ्यानं फोडवणार नाही.

कडूबा