पाठीखालचे हात

अण्णा, मी समुद्रात पोहून आले. हे आधीच सांगून टाकते, कारण कुठल्याही गोष्टीचा शेवट तुम्हाला आधी लागायचा. निकालाच्या दिवशी मी दारातून आत यायच्या आधीच म्हणायचात, "पास का नापास तेवढं सांग, बाकीचं मग सांग." तर पास. व्हिएतनाम म्हणून एक देश आहे, तिथं 'हा लाँग' नावाचा उपसागर आहे. आपल्या दौलताबादच्या डोंगरासारखे ताशीव डोंगर तिथं पाण्यातूनच वर आलेत, नजर जाईल तिथपर्यंत, आणि त्यांच्या मधून बोटी फिरतात. त्यातल्या एका बोटीवर मी एक रात्र राहिले. झोपायची खोली, तिन्ही वेळचं जेवण, गुहा बघणं, लहान होडीतून फेरी, सगळं त्यातच आलं. तुम्ही असतात तर विचारलं असतंत, "अन् चहा?" चहासुद्धा. आलं घातलेला नव्हता, पण होता.

तुमच्या जावयांना विमानाची धास्ती आहे, म्हणून मी एका सहलीबरोबर एकटीच गेले. सरकारी दवाखान्यातून इन्चार्ज सिस्टर म्हणून निवृत्त झाले तेव्हा सगळ्यांनी विचारलं, आता काय करणार. मी म्हटलं, जिथं खूप पाणी आहे तिथं जाणार. हसले सगळे. त्यांना काय माहीत माझं आणि पाण्याचं काय आहे ते. ते तुम्हालाच माहीत.

उन्हाळ्याची सुट्टी आहे, सकाळ आहे. तुम्ही चिकलठाण्याच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आलात, तोंडावर पाणी मारलंत आणि लगेच मला सायकलवर पुढं बसवलंत. आई चुलीजवळून म्हणते, "पोरीला काय मासे धरायला पाठवायचंय का?" तुम्ही घंटी वाजवून निघता. नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावावर मुलींची सकाळची वेळ असते आणि मुली जेमतेम चार-पाच. बाकीच्यांचे पोशाख मुंबईहून आणलेले. माझा तुम्ही गल्लीतल्या शिंप्याकडून हिरव्या कापडाचा शिवून घेतला आहे. पाण्यात उतरलं की त्यात हवा भरते आणि मी बेडकासारखी फुगते. बाकीच्या हसतात. मी रडत बाहेर येते, तुमच्यापाशी. तुम्ही पायरीवर बसलेले, डोळे झोपेनं लाल. वाटलं होतं, जवळ घ्याल. तुम्ही म्हणालात, "पोशाखाला हसतायत ना? पोहण्याला हसत नाहीत ना? जा मग. पाणी कुणाच्या बापाचं नाही."

पुढं मी त्या सगळ्यांच्या पुढं गेले. जिल्ह्याच्या स्पर्धेत उतरले. तुम्ही मात्र त्या पायरीच्या खाली कधी उतरला नाहीत, पाय भिजवण्यापुरतेही नाही. का, ते मला कळलं ते एका लग्नाच्या निमित्तानं. पैठण रस्त्यावरच्या आपल्या गावी चुलतबहिणीचं लग्न होतं. परत येताना एसटीला वेळ होता, म्हणून तुम्ही मला मळ्याच्या बाजूला नेलंत. लांबूनच एक विहीर दाखवलीत, दगडी पायऱ्यांची, गावातल्या मोठ्या घराण्याची. म्हणालात, गावाची पोरं इथं उड्या मारायची आणि तुम्ही चिंचेखाली बसून नुसता आवाज ऐकायचात. एकदा काठाजवळ गेलात तर दगड आला. आजी घागर घेऊन विहिरीच्या चौथऱ्याखाली उभी राहायची, कुणी वरून ओतलं तर पाणी, नाहीतर उन्हात ताटकळत. "आपण धम्म घेतला," तुम्ही म्हणालात, "पण विहीर तीच राहिली. म्हणून गाव सोडलं." एवढंच. मग एसटी आली, आणि पुन्हा तो विषय तुम्ही आयुष्यात काढला नाहीत.

आता बोटीची गोष्ट. एकट्या आलेल्या दोन बायकांना सहलवाले एकाच खोलीत ठेवतात. माझ्या वाट्याला एक काकू आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, विधवा, गुडघे दुखरे, बोलायला मोकळ्या. शेंद्र्याजवळची त्यांच्या सासरची जमीन कारखान्यांसाठी गेली, मुलांनी धंदे काढले आणि आईला जग बघायला पाठवलं. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "ताई, कुठल्या तुम्ही?" मी म्हटलं, संभाजीनगरचीच, जन्म तिथलाच. खरंच होतं ते. त्यांनी आडनाव विचारलं, तेही सांगितलं, आणि आपण बौद्ध आहोत हेही, कारण आडनाव ऐकून लोक मनात हिशेब करत बसतात, त्यापेक्षा मीच सांगते. त्या "बरं" म्हणाल्या आणि डब्यातून डिंकाचा लाडू काढून दिला. मी खाल्ला. मी त्यांच्या गुडघ्यांना मलम चोळून दिलं. बोटीवर चढेपर्यंत, दोन दिवसांत, आमचं छान जमलं होतं. बोटीवर तांदळाच्या पातळ कागदात भाजी गुंडाळायला शिकवत होते, तर काकूंनी अशी सफाईनं गुंडाळी केली की शिकवणारी मुलगीच बघत राहिली. "सुरळीच्या वड्या करून हात बसलाय," त्या मला म्हणाल्या.

दुपारी बोटीनं एका बेटाशी नेलं. लहानशी वाळू, हिरवं पाणी, वर सरळसोट कडा. आमच्या गटातल्या बायका घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या राहून फोटो काढत होत्या. मी माझा लांब बाह्यांचा पोशाख घातला आणि आत गेले. अण्णा, समुद्राचं पाणी माणसाला धरून ठेवतं. तलावात अंग आपण सांभाळायचं असतं, इथं पाणीच निम्मं काम करतं. मी दोरी बांधलेल्या हद्दीपर्यंत जाऊन आले. परत आले तर काकू सुनेचा पंजाबी ड्रेस घालून, केशरी जॅकेट बांधून कमरेएवढ्या पाण्यात उभ्या.

"ताई, मला तरंगायला शिकवा," त्या म्हणाल्या.

"जॅकेट आहे ना, तरंगाल."

"ते जॅकेट तरंगतंय. मला तरंगायचंय."

मला आवडलं ते. जॅकेट काढायला लावलं, त्यांना पाठीवर आडवं केलं, दोन्ही हात पाठीखाली दिले. आयुष्यभर माणसं उचलली मी, अंग कधी सैल पडतं ते माझ्या हातांना कळतं. "आकाशाकडं बघा, मान सोडा, कान पाण्यात जाऊ द्या," सांगत राहिले. थोड्या वेळानं त्या खरंच सैल पडल्या. डोळे मिटलेले, चेहऱ्यावर हसू. मिटल्या डोळ्यांनीच बोलायला लागल्या.

"आमच्या माहेरी मळ्यात मोठी विहीर व्हती. भाऊ नुसते उड्या मारायचे. मला नाय उतरू दिलं कधी. पोरीच्या जातीनं काठावर बसायचं. लई वाटायचं मला."

"कुठलं माहेर?" मी विचारलं, सहजच.

त्यांनी तुमच्या गावाचं नाव घेतलं.

अण्णा, माझे हात त्यांच्या पाठीखाली होते. काढून घ्यावेत असं वाटलं. खोटं कशाला सांगू, वाटलं. पण माणूस हातात असताना हात काढायचा नाही, हे माझ्या अंगात इतकं भिनलंय की राग आला तरी हात आपलं काम करत राहिले. मी त्यांना हळूच उभं केलं, पाय वाळूला टेकले याची खात्री केली, आणि मग म्हटलं, "काकू, ते माझ्या वडिलांचं गाव."

"व्हय?" त्यांचा चेहरा उजळला. "कुणाच्या घरातले?" आणि विचारता विचारताच त्यांना मी पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं ते आठवलं. चेहरा बदलला. मी तुमचं नाव सांगितलं, वस्ती सांगितली, चिंच सांगितली, दगड सांगितला. आवाज चढवला नाही. ड्यूटीवर रुग्णाची हकीकत सांगावी तसं सांगितलं.

त्यांनी चेहऱ्यावरचं पाणी पुसलं. मग म्हणाल्या, "म्हंजी आपलं सारखंच झालं की, ताई. मला बी त्यांनी उतरू दिलं नाय."

"सारखं नाही, काकू," मी म्हटलं. "तुम्हाला पोहू देत नव्हते. आम्हाला पिऊ देत नव्हते."

मग शिट्टी वाजली, सगळ्यांना परत बोलावलं. बोटीवर त्या दुसऱ्या बायकांबरोबर बसल्या. संध्याकाळी जेवणाची टेबलं मांडली होती, मासे, भात, फळं, आपल्या लोकांसाठी वरणासारखं काहीतरी. मी ताट भरून घेतलं आणि खिडकीशी बसून पोटभर जेवले. बाहेर डोंगर एकेक करून काळे पडत होते. मला अपराधी वगैरे वाटत नव्हतं. जे बोलले ते खरं होतं आणि योग्य शब्दांत होतं. फक्त एवढंच, की खोली एकच होती. रात्री त्यांनी त्यांच्या गोळ्या घेतल्या, मी माझं पुस्तक वाचलं, दोघींनी पाठी फिरवल्या. मलम चोळायचं राहिलं.

सकाळी वरच्या डेकवर हळूहळू हात हलवायचा व्यायाम शिकवत होते. काकूंना उभं राहवेना, म्हणून त्या खुर्चीत बसल्या होत्या. मला बघून त्यांनी शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलली. मी बसले.

"वरून पाणी ओतायचं काम माझ्याकडं असायचं," त्या म्हणाल्या. माझ्याकडं न बघता, समोरच्या डोंगराकडं बघत. "शाळेला सुट्टी असली की. भांड्याला भांडं लागू द्यायचं नाय, एवढंच सांगितलेलं. मला वाईट वाटायचं असं म्हणनार नाय मी. नव्हतं वाटत. खेळ वाटायचा. वरून धार सोडायची अन् नेम धरायचा. खाली एक म्हातारी असायची, ती म्हणायची, बाळे, दमानं वत, सांडतंय. तुमची आजी आसंल, नसंल. मी कधी नावच इचारलं नाय."

माझी आजी तेव्हा म्हातारी नव्हती, पण लहान मुलीला सगळ्याच बायका म्हाताऱ्या दिसतात. त्यांनी माफी मागितली नाही आणि मला ते बरं वाटलं. मागितली असती तर मला काहीतरी द्यावं लागलं असतं, आणि ते तुमचं होतं, माझ्याकडं देण्यासारखं नव्हतं.

थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "घरी गेल्यावर शिकवाल का मला? पूर्ण?"

"आधी मुलांना सांगा," मी म्हटलं. "कुणाकडं शिकताय ते सांगा. कुणाची मुलगी, ते सांगा. विहिरीचंही सांगा. मग या."

"सांगते," त्या म्हणाल्या.

मला वाटलं होतं, नाही यायच्या. सहलीतल्या ओळखी विमानतळावर सामान आलं की संपतात. पण परत आल्यावर काही दिवसांनी सकाळी मी रोज पोहते त्या तलावाच्या फाटकासमोर मोठी गाडी थांबली. काकू उतरल्या, मागून मुलगा उतरला, पन्नाशीचा, मिशीवाला. त्यानं मला नमस्कार केला. म्हणाला, "आईनं सगळं सांगितलं. आजोबांच्या काळातलं आम्हाला काय माहीत नव्हतं." मी म्हटलं, "माहीत करून घ्या." तो अवघडला, मान हलवली आणि गाडीत जाऊन बसला. आईचा तास होईपर्यंत थांबला मात्र. आता तो रोज सोडतो आणि कधीमधी गेटवर दोन शब्द बोलतो. त्यापुढं त्यानं काय करावं हे मी त्याला शिकवणार नाही. माझ्याकडं फक्त पोहण्याची शिकवणी आहे.

काकू आता पाठीवर तरंगतात, हातांशिवाय. पाय मारायला लागल्यात. गुडघ्यांना आराम आहे म्हणतात. एकदा त्यांनी विचारलं, "ताई, चलायचं का एकदा गावाला? विहिरीत आता पानी नाय, समद्यांनी बोअर घेतलेत, पण पायऱ्या हायेत." मी नाही म्हटलं. आत्ता तरी नाही. मला कोरड्या विहिरीत उतरायची हौस नाही आणि कुणी मला उतरवलं याचा फोटो तर मुळीच नको. त्यांना ते कळलं, पुन्हा विचारलं नाही.

तुम्ही काय म्हणाला असतात याचा मी अंदाज करत नाही, अण्णा. रागावला असतात, गप्प राहिला असतात, किंवा पायरीवर बसून नुसतं बघितलं असतंत. हे सगळं लिहून काढावंसं वाटलं, लिहिलं. उद्या चहाच्या वेळी तुमच्या जावयांना वाचून दाखवेन कदाचित, किंवा नाही दाखवणार.

एक मात्र तुमच्या जावयांनाही सांगितलेलं नाही. गेल्या आठवड्यात एक दिवस काकू आल्या नाहीत. कणकण होती म्हणे, फोन करायचा राहिला. तलाव रिकामा होता, पाणी स्वच्छ होतं, अशी सकाळ मी एरवी कधी सोडत नाही. मी टॉवेल खांद्यावर टाकून फाटकापाशी त्यांची वाट बघत राहिले. मग ऊन वर आलं, आणि मी न पोहताच घरी आले.