आत उघडणारं दार

१२ जून

जुन्या सभागृहाचं काम संपलं. चारही दारं बाहेर उघडायची, ती आत उघडायची करून दिली. बिजागऱ्या फिरवल्या, चौकटींना नव्या खाचा मारल्या, कड्या बाहेरून बसवल्या. एका बोटाने ढकलावं, आवाज नाही. कंत्राटदार नेहमीसारखा खो खो हसला – "मिस्त्री, तुम्ही दार नाही, पाळणा बसवता!" खोटं नाही. हे मला कोणी शिकवलेलं नाही.

१३ जून

विद्यापीठातल्या ‘वंशसंहार आणि त्याचा प्रतिबंध’ या वर्गात पिकल्या डोक्याचा मी एकटाच. पोरं मिस्त्रीकाका म्हणतात. सातवीनंतरचं सगळं वाचन माझं मीच केलेलं. म्हणून चुकलेला तपशील खपत नाही.

आज मॅडमनी एका बाईंना बोलावलं होतं. बाजारामागे कपडे उसवून, बेतून देण्याचं त्यांचं दुकान आहे. त्या लहान असताना त्यांच्या लोकांना गावच्या शाळेत कोंडून शाळा पेटवली. त्या खोलीतून वाचल्या त्या एकट्या – आईने खिडकीतून बाहेर टाकलं म्हणून. आता कुठे खटला उभा राहिलाय. पुढच्या आठवड्यात त्यांची साक्ष.

म्हणाल्या, "सगळे दारावर रेटत होते. दार आत उघडणारं. जितकं रेटलं तितकं घट्ट."

माझा हात वर. "शाळेचं दार बाहेर उघडतं. चेंगराचेंगरी होऊ नये म्हणून. तुमची काहीतरी गल्लत होतेय."

माझ्याकडे बघत राहिल्या. पाण्याचा पेला उचलला, न पिता ठेवला. "नऊ वर्षांची होते मी. होत असेल गल्लत."

पुढे बोलल्याच नाहीत. आणि मला – इथे तरी लिहावं – क्षणभर बरं वाटलं होतं. बरोबर ठरल्याचं.

१४ जून

मॅडमचा फोन. त्या बाई साक्षीला नाही म्हणतायत. "दारच धड आठवत नाही, तर बाकीचं कोण खरं मानेल," म्हणाल्या म्हणे. मॅडमनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

बायकोला सांगितलं. ती भांडी पुसत होती. "माझ्या स्वयंपाकातलं मीठ मोजता, ते मी चालवून घेते. तिच्या जळक्या शाळेतही पट्टी घेऊन गेलात?"

१५ जून

रंधा हातात घेतला, ठेवून दिला.

१७ जून

त्यांच्या दुकानात गेलो. माफीची वाक्यं जुळवली होती, दारातच विसरलो. नुसते हात जोडले.

"बसा, मिस्त्री. मीच निरोप पाठवणार होते." मशीन थांबलं नाही. "तुमचं खरं होतं. दार बाहेरच उघडायचं. आम्ही पोरी त्याला लटकून झोके घ्यायचो, पार पायरीपर्यंत. तुम्ही बोललात आणि ते झोके आठवले. मग बाकीचं. त्याच आठवड्यात एक सुतार आला होता. दार फिरवून गेला. रंध्याखालची कुरळी सालपटं आम्ही केसांत खोचली होती."

त्यांनी मशीनखालचं कापड वळवलं.

"वकील म्हणतात, म्हणजे बेत आधीच शिजला होता. एवढं एक सिद्ध होत नव्हतं. साक्ष देतेय मी."

सुटलो, असं वाटायला हवं होतं.

दोरा दाताने तोडत त्यांनी विचारलं, "त्याने विचारलं नसेल हो, कशासाठी म्हणून?"

"आम्ही विचारत नाही," मी म्हणालो. आणि सभागृहाच्या बाहेरच्या कड्या डोळ्यांपुढे आल्या.

१८ जून

सकाळीच कंत्राटदाराला गाठलं. सभागृहाची दारं आत का वळवून घेतलीत? कड्या बाहेरून का?

"मजुरी पोचली ना, मिस्त्री?"

हसला नाही.

मॅडमना कळवलंय. हत्यारांची पेटी घेऊन सभागृहाकडे निघालोय.