त्रिशंकूचे चार तारे

डर्बन, ६ मे

ती. आबांना विनीतचा नमस्कार.

मी ठणठणीत आहे. जहाज काल बंदराला लागलं. जेवण बरं असतं, फक्त माशांना चव नाही. फोनवर तुम्ही विषय बदलता म्हणून कागदावर लिहितोय. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय.

आपल्या कातळावरून जेमतेम दिसणारा त्रिशंकू इथे चांगला उंच येतो. एवढंसं तारकामंडळ, पण दुर्बिणीतून पाहिलं तर डावीकडच्या ताऱ्याजवळ बारीक ताऱ्यांचा झुबका आहे. झुबक्यातले बाकी निळे-पांढरे, मध्ये एकच लाल. झुबक्याच्या खाली काळा डाग. तुम्ही बोटीवर होतात तेव्हापासून त्याला आभाळाचं भोक म्हणता. ते भोक नाही, धुळीचा ढग आहे. मागचे तारे जागेवरच असतात, तो झाकतो.

आईचा गुडघा कसा आहे? कलमांवर अजून आंबा आहे का?

राजश्रीवहिनी मोतीबिंदूच्या डॉक्टरांची वेळ घेणार आहे. भांडू नका, तिच्याबरोबर रत्नागिरीला जा. गेल्या मे महिन्यात तुम्ही मला कातळावर नेलंत आणि त्रिशंकूचे चारही तारे एकेक करून बोटाने दाखवलेत. "माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय?" म्हणालात. बोट अगदी बरोबर जागी होतं, म्हणून मी गप्प बसलो.

आबा, त्या संध्याकाळी दक्षिणेला ढग होते. मला एकही तारा दिसला नव्हता.

तुमचा,
विनीत