लाल गालांची आई

प्रिय बबडे,

तुझ्या नव्या पार्लरचा फोटो पाहिला. आरसा झकास आहे, दिवे मात्र जरा जास्तच झालेत. उद्घाटनाच्या दिवशी सगळ्यांदेखत पहिलं गिऱ्हाईक म्हणून मी खुर्चीत बसावं असं तू म्हणालीस आणि मी नुसतं ‘बघू’ म्हणून फोन ठेवला. रागावू नकोस. जिने तुला हे काम शिकवलं, तिचेच गाल असे लालबुंद दिसले तर तुझ्या दारात कोण फिरकेल, या धसक्याने मी ‘हो’ म्हणायचं टाळलं.

निदान करणाऱ्यांची इथे काही वाण नाही. तुझ्या मावशीच्या मते हे पित्त. खालच्या शिंपीणबाईंना वाटतं, मी गुपचूप एखादा घोट घेते. तुझे बाबा तर मला राग आलाय असं समजून कितीतरी दिवस न सांगता भांडी घासत होते. तो गैरसमज मी काही घाईने दूर केला नाही!

पण माझ्या पार्लरमध्ये एका गिऱ्हाइकाने तोंडावर ऐकवलं, आधी स्वतःचं तोंड बघा म्हणून. ते फार लागलं गं. मग पार्लरला क्रीम-पावडर पुरवणाऱ्या विक्रेत्याने दिलेली एक ट्यूब मी लावली. चार दिवसांत गाल लख्ख! मी खूश. थांबवली तशी लाली दुपटीने परत, वर आग आग. पुन्हा लावायची, पुन्हा तेच.

शेवटी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. तुझ्याच वयाची पोर. तिने सांगितलेलं नाव रोझेशिया. बाबा म्हणाले, नाव तरी सुरेख आहे. कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुलतात आणि मिटायचं विसरतात, असं तिने मला समजेल अशा भाषेत सांगितलं. ऊन, वाफ, कढत चहा, तिखट, संताप, सगळ्याने त्या फुलतात. मूळ माझ्या कातडीतच होतं, पण आगीत तेल मीच ओतलं. नवी क्रीम आधी आपल्या गालावर, मग गिऱ्हाइकाच्या, हा आपला नियम ऐकून तिने कपाळावर हात मारला. त्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड होतं. तेव्हा बाई, तो नियम आजपासून मोडीत. तूही गालावर काही लावून बघायचं नाही, सांगून ठेवते.

आता माझं छान चाललंय. चहा कोमट पिते, म्हणजे चहाचा अपमानच. वाफेच्या मशीनपाशी हाताखालची मुलगी उभी राहते. बाहेर पडताना टोपी, रोजचं औषध, बाकी काही नाही. लाली निम्म्यावर आलीय. पूर्ण जाणार नाही म्हणे. न जाईना का! हल्ली लाल गालांच्या बायका माझ्याकडे मोकळेपणाने विचारायला येतात. एका शिक्षिकेला तर वर्गातली मुलं कायम चिडलेली समजायची. तिला मी काहीही न विकता डॉक्टरीणबाईंकडे धाडलं.

तर मी येतेय. मेकअपचा थर थापून यायचं ठरवलं होतं, तशी रंगीत तालीमही झाली. बाबांनी विचारलं, कोण पाहिजे आपल्याला? मग धुऊन टाकला. आहे तशी बसेन. पण खरं सांगू, उद्घाटन हे निमित्त आहे. काल औषध लावताना मनात आलं, आयुष्यभर मी परक्या बायकांचे चेहरे ओंजळीत धरले. त्या डोळे मिटून निवांत झोपायच्या आणि मला त्यांचा हेवा वाटायचा. माझा चेहरा असा कुणी धरलाच नाही. लहानपणी आईने धरला असेल, पण आठवत नाही. मला क्रीम नको, वाफ नको. नुसत्या पाण्याने चेहरा धुऊन दे, आणि हात काढून घ्यायची घाई करू नकोस. लोक ताटकळले तर ताटकळू देत.

तुझीच, आगाऊ नंबर लावून बसलेली,
आई